साडेसहा नंबर

तौफिक मुजावरच्या दुकानात, लक्ष्मी मार्केटच्या मागे,
हातमोजे खताच्या पोत्यांवर पडलेले,
डझनाडझनाने सुतळीत बांधून.
'सगळ्यांना बसतात, सिस्टर.'
सगळ्यांना बसतो तो कुणालाच नीट बसत नाही,
मिरजेत सदतीस वर्षं नोकरी करून एवढं तरी कळलंय.
माझा नंबर साडेसहा.
त्याच्याकडे नंबर दोनच: मोठा आणि फार मोठा.
'सांगलीहून मागवू का?' म्हणाला.
मी स्टुलावर बसून एकेक घालत, मुठी वळत राहिले.
बोटापुढे जागा उरली की बी चिमटीत येत नाही,
फार आवळला की अर्ध्या तासात करंगळी बधिर.
शेवटी आतून सुती, वरून निळ्या रबरात बुडवलेला,
कुणा पोरासाठी आलेला असावा, तो निघाला.
दोन जोड्या घेतल्या.
आणि एक कातडी, कोपरापर्यंतचा.
लिंबाचं आणि माझं जुनं भांडण आहे.

मी नवी होते तेव्हा मोजे फेकत नसत.
रात्रपाळीला मोरीपाशी उभं राहून धुवायचे,
मनगटाशी पिळून आत हवा कोंडायची,
फुगलेला पंजा गालाजवळ न्यायचा.
सुसकारा कुठून येतो ते कानाआधी गालाला कळतं.
भोक सापडलं की ठिगळ.
मग पावडर, मग जोड्या.
एस्तर सिस्टर दिव्याखाली एकेक जोडी उलटून बघायच्या,
दोन डावे एकत्र निघाले
की सगळा डबा पुन्हा टेबलावर.
पुढे पाकिटातले आले. घाला, टाका.
त्यानंतर एकही मोजा
माझ्यासमोर म्हातारा झाला नाही.

हे होतायत.
उजव्याची तर्जनी आधी जाते, दरवेळी.
आमची काळी माती ओली असताना धुवायला जाऊ नये,
डिंकासारखी पसरते.
वाळू द्यावी, टाळी वाजवावी, मग रिठ्याचं पाणी.
मधल्या बोटाला चिमटा, तोंड खाली, सावलीत.
कातडीला खोबरेल, पण हात आखडता घेऊन,
नाहीतर घुशी नेतात. एक नेलाच.
आणि घालण्याआधी झटकायचे!
गेल्या आश्विनात अंगठ्यातून विंचवाचं पिल्लू पडलं,
माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलं होतं.

शेजारचे बेडगकर सर कुंपणापलीकडून सांगतात,
'उघड्या हातानं मातीला भिडा, सिस्टर,
स्पर्शात जीव असतो.'
त्यांच्या नखांत मी माती कधी पाहिलेली नाही.
कसं सांगू,
या गावातली किती माणसं,
नगरपालिकेत बसलेली, एसटी चालवणारी,
बाजारात मला धक्का देऊन पुढे जाणारी,
या हातांवर आली ती रबरावर आली.
नाळेचा ठोका रबरातून लागतो.
रडण्याआधीची थरथर लागते.
ठोका नसला, तर तेही लागतं,
घरी येऊन हात धुतल्यावरही लागत राहतं.
हे सांगावं म्हणते,
तेवढ्यात सरांची चहाची वेळ होते.

चार डावे उरलेत माझ्याकडे.
त्यातल्या एकाची तर्जनी कापून
उजव्याच्या फाटक्या बोटात टोपीसारखी बसवली,
दाभणानं शिवली, वर सायकलचं सोल्युशन.
टाके बरे आलेत. एस्तर सिस्टरांनी
दोन तरी उसवायला लावले असते.

आज दुपारी नदीकडून वारा आला.
दोरीवर मोजे फुगले, पाचही बोटं ताठ,
आणि मी, हातातली झारी तशीच,
सवयीनं गाल जवळ नेला.

येतोय अजून. किंचित.
टोकाकडून, शिवणीच्या डाव्या बाजूनं.